भिंतीपलीकडचा अनंत

जून लागला की सकाळच्या चहाआधी मी परसात जातो. अनंताच्या शेंड्याचं, नुकतंच उलगडलेलं पान दोन बोटांत धरून उजेडाकडे करतो आणि शिरा बघतो. शिरा हिरव्या आणि त्यांच्यामधली जागाही हिरवी असेल तर दिवस बरा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर चहाला चव लागत नाही. एवढं झाल्यावर भिंतीपलीकडे बघायचं नाही, असं रोज ठरवलेलं असतं. तरी मान वळतेच. पलीकडे रशीदभाईंचा अनंत आहे. त्याच्या कळ्या मी मोजतो. आज सकाळी नऊ होत्या. माझ्या झाडावर एक आहे.

बासष्ट वर्षांच्या माणसानं शेजाऱ्याच्या कळ्या मोजाव्यात, हे सांगायला लाज वाटते. पण मोजतो. यंदाचाही जून तसाच आला आहे. रोज दुपारी ढग जमतात, उकाडा अंगाला चिकटतो आणि पाऊस काही पडत नाही. गेल्या वर्षी हुबेहूब अशीच हवा होती. सदरा पाठीला चिकटला की मला तो जून आठवायला लागतो, आणि त्यातलं बरंचसं मला आठवायला नको असतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आम्ल, अल्क, क्षार हे माझे हातखंडा धडे. सामू म्हणजे काय, ज्याला मुलं पीएच म्हणतात, तो सातच्या खाली गेला तर काय आणि वर गेला तर काय, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की फळ्याकडे पाठ करूनही तक्ता काढू शकलो असतो. निवृत्त झालो तेव्हा शाल आणि नारळ सगळ्यांनाच मिळतो तसा मिळाला. मी मात्र प्रयोगशाळेतून सामू मोजायच्या कागदाच्या दोन पुस्तिका मागून घेतल्या. त्यांचं काय करणार होतो, तेव्हा मलाच माहीत नव्हतं. घरी आणून कपाटात ठेवल्या आणि विसरून गेलो.

रशीदभाई आमचे शेजारी. आमच्या रो-हाउसच्या रांगेत त्यांचं आणि आमचं परस एकमेकांना लागून, मध्ये छातीएवढी भिंत. औरंगपुऱ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आता ते बंद केलं आहे, पण डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी सोडलेलं नाही. परसातल्या बाजेवर बसून ओळखीपाळखीच्यांची घड्याळं अजून उघडतात. माणूस मोठा बोलका. स्वतःचं कौतुक स्वतः करण्यात त्यांना कसलाच संकोच नाही. झाडाला फूल आलं की ते फूल बघण्याआधी आपल्याला त्यांचा आवाज ऐकू येतो.

दोन्ही अनंत आम्ही एकाच दिवशी आणले होते. पैठण रस्त्याला नामदेवची नर्सरी आहे. नामदेवच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. त्याचे दोन चुलते अजून कळप घेऊन फिरतात, यानं मात्र रोपं धरली. त्या दिवशी माझ्या स्कूटरवर रशीदभाई मागं बसले होते. एकाच ओळीतली, एकाच उंचीची दोन रोपं नामदेवनं काढून दिली. कुठलं माझं आणि कुठलं त्यांचं, हेसुद्धा घरी पोचेपर्यंत ठरलं नव्हतं. स्कूटरवरून उतरताना त्यांच्या हाताला जे आधी लागलं ते त्यांनी नेलं. या एका गोष्टीवर मी पुढं महिनेच्या महिने विचार केला आहे. त्यांनी दुसरं उचललं असतं तर?

अनंत आणला होता तो शोभासाठी. त्या जूनच्या आदल्या श्रावणात माझ्या बायकोला सर्दीताप झाला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. आधी आम्हाला वाटलं नाक चोंदलंय. मग एक दिवस दूध करपून घरभर धूर झाला आणि ती स्वयंपाकघरातच शेंगा सोलत बसली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू, रोज लवंग, लिंबू, निलगिरी असे चार वास घेत चला. ती रोज सकाळी चार बाटल्या पुढं घेऊन बसायची, एकेक नाकाशी धरायची आणि खाली ठेवायची. मी विचारायचो, "काही?" ती मान हलवायची. पुढं पुढं मी विचारायचं बंद केलं. एकदा ती सहज म्हणाली, "पाचोडला आमच्या आडाजवळ अनंत होता. शाळेतून आलं की दप्तर टाकायच्या आधी त्याच्यात नाक खुपसायचो आम्ही. तो वास आला असता तर मला ओळखू आला असता." झालं. दुसऱ्याच रविवारी मी नर्सरी गाठली.

रोप कुंडीत लावलं आणि दोन महिन्यांत ते पिवळं पडायला लागलं.

मी म्हटलं, भूक लागली असेल. युरिया घातला. पिवळेपणा वाढला. शोभा म्हणाली चुलीतली राख चांगली असते, तर तिच्या बहिणीकडून पिशवीभर राख आणून ती घातली. अंड्याची टरफलं वाटून घातली. कुणी सांगितलं झाडाला लोखंड लागतं, म्हणून चार गंजके खिळे मातीत पुरले. नवं पान यायचं तेच फिकट, लिंबाच्या सालीसारखं, आणि त्याच्यावर हिरव्या शिरांची जाळी. भिंतीपलीकडचं रोप तोवर गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि त्याची पानं तेल लावल्यासारखी चमकत होती.

शेवटी एक पान कागदात गुंडाळून नामदेवकडे गेलो. त्यानं पान बघितलं नाही, आधी मलाच विचारलं.

"सर, पिवळं कुठनं सुरू झालं? बुडाच्या जुन्या पानापासनं का शेंड्याच्या नव्या पानापासनं?"

"नव्या."

"शिरा हिरव्या ऱ्हातेत?"

"हो."

"मग भूक नाय ती. भुकेचं झाड बुडाकडनं पिवळं पडतंय. हे लोखंडाचं हाय. मातीत लोखंड असलं तरी झाडाला उचलता येईना झालंय. तुमी चुना-बिना घातला का?"

"राख घातली," मी म्हणालो. "आणि टरफलं."

नामदेव हसला नाही, पण त्यानं तोंड दुसरीकडे केलं. "अनंताला आंबट माती लागती, सर. आपल्याकडची माती आधीच चुनखडीची. त्येच्यात राख म्हंजी… तुमाला म्या काय सांगावं. आन् पाणी कसलं घालताय?"

"पाणी चांगलं आहे," मी ठणकावून सांगितलं. "मशिनचं आहे."

इथं मला थोडं थांबून माझ्या शहाणपणाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात नळाला पाणी येतं ते दिवस मोजून येतं. एरवी सगळी भिस्त बोअरवर आणि टँकरवर. त्यामुळं थेंब वाया घालवणाऱ्याकडे आम्ही चोराकडे बघावं तसं बघतो. पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन एक बादली शुद्ध पाणी देताना दोन बादल्या मागच्या नळीतून फेकून देतं. ते फेकलेलं पाणी मी पिंपात साठवायचो आणि झाडांना घालायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पिंप दाखवायचो. रशीदभाईंनाही दाखवलं होतं. मशीन बोअरच्या पाण्यातले क्षार काढून घेतं, तर ते क्षार जातात कुठं, हा प्रश्न मी वर्गात अनेकदा विचारला आहे. उत्तर न देणाऱ्याला उभं केलं आहे. आणि स्वतःच्या परसात ते सगळे क्षार रोज सकाळी मी माझ्या हातानं अनंताच्या बुंध्याशी ओतत होतो. मशीन हा शब्द लागला की ते पाणी मला स्वच्छच वाटायचं.

नामदेवकडून लोहाची पुडी आणली, ती पाण्यात कालवून घातली. पाणी तेच. दोन पानं जरा हिरवी झाली आणि तिसरं पुन्हा पिवळं.

मग गेल्या वर्षीचा जून आला. एका संध्याकाळी शोभा दोरीवरचे कपडे काढत होती आणि मी माझ्या झाडाची पिवळी पानं खुडत होतो. भिंतीजवळ आल्यावर ती थांबली. हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "कसलातरी वास येतोय."

मी सगळीकडे बघितलं. पलीकडे रशीदभाईंच्या झाडावर दोन फुलं उघडली होती, दुधासारखी पांढरी. शोभा भिंतीवर हात टेकून वाकली, डोळे मिटले. "येतोय हो," ती म्हणाली, "लांबून येतोय, पण येतोय. अनंतच आहे हा." आणि ती रडायला लागली.

इथं मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही, पण जरा वेळानं. आधी मनात जे पहिलं वाक्य आलं, ते म्हणजे, याच्याच झाडाचा का? पावणेदोन वर्षं… नाही, दहा महिनेच झाले होते, पण मला ते तेवढे वाटत होते. दहा महिने बाटल्या मी भरून दिल्या, डॉक्टरांकडे मी नेलं, झाड मी आणलं, राख मी आणली. आणि वास आला तो रशीदभाईंच्या फुलाचा. शोभा रडत होती आणि मी माझ्या हातातल्या पिवळ्या पानांकडे बघत होतो.

रशीदभाईंना हे कळल्यावर तर विचारायलाच नको. रोज संध्याकाळी भिंतीवर बशी यायची आणि बशीत एक फूल. "भाभींसाठी दवा!" ते मोठ्यानं म्हणायचे. शोभा बशी दोन्ही हातांनी उचलायची. फूल नाकाशी धरून ती पाच-दहा मिनिटं तिथंच उभी राहायची, आणि रोज सांगायची, आज कालच्यापेक्षा जवळून आला. रशीदभाई मला सांगायचे, "सर, आज सात कळ्या. कल के चार मिलाके ग्यारह. तुमच्याकडं काय हालहवाल?" मला माहीत होतं की त्यात टोमणा नाही. असता तर बरं झालं असतं. मी म्हणायचो, "येतील, येतील," आणि आत जायचो. आत जाऊन एसी लावायचो आणि चरफडत पडून राहायचो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रशीदभाईंच्या मुलीला फर्दापूरला मुलगा झाला. रशीदभाई आणि त्यांची बायको आठ दिवसांसाठी निघाले. जाताना परसाच्या दाराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

"सर, फकत अनंताला पानी. भिंतीजवळ निळा डबा हाय, त्याच्यातलंच घाला, दुसरं नक्को. आणि रोज एक फूल भाभींना. भूलना नहीं."

पहिल्या सकाळी मी त्यांच्या परसात गेलो. इतक्या जवळून ते झाड मी कधी बघितलं नव्हतं. अकरा कळ्या, तीन फुलं. एकही पान पिवळं नाही. मी चोरासारखा इकडे-तिकडे बघून त्यांच्या कुंडीतली चिमूटभर माती कागदात घेतली. घरी येऊन कपाटातल्या त्या पुस्तिका काढल्या. दोन वाट्यांत विकतचं बाटलीबंद पाणी घेतलं, एकीत त्यांची माती, दुसरीत माझी. कागदाची एकेक पट्टी बुडवली. त्यांच्या वाटीतला कागद पिवळा झाला, सामू सहाच्या आसपास. माझ्या वाटीतला हिरवा, निळ्याकडे झुकलेला, आठाच्याही वर. त्यांची पानं हिरवी आणि कागद पिवळा, माझी पानं पिवळी आणि कागद हिरवा. तीस वर्षं शिकवलेला धडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन वाट्यांत पडला होता. मग मशिनचं पाणी तपासलं. तेही हिरवं. वर्गातला तो उभा केलेला मुलगा मला आठवला.

आता राहिला निळा डबा. त्यातलं पाणी आणायला परत गेलो, तेव्हा तो कुठं ठेवला आहे हे पहिल्यांदा नीट बघितलं. वरून एक बारीक पांढरी नळी खाली आली होती आणि तिच्यातून डब्यात टप टप पाणी पडत होतं. नळी माझ्या घरातून आली होती. माझ्या एसीची.

ही नळी बसवताना मिस्त्रीनं भिंतीवरून पलीकडे सोडली होती, कारण आमच्या बाजूला तिचं पाणी तुळशीवर पडत होतं. रशीदभाई एकदा म्हणालेही होते, "सर, भिंत ओल धरती आमची." मी "बघतो" म्हटलं होतं आणि बघितलं नव्हतं. त्यावर त्यांनी पुन्हा काही न बोलता नळीखाली डबा ठेवला. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षाराचा कणही नसतो. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा तांब्याभर, आणि जूनच्या दमट हवेत डबा भरून. मी आत चरफडत पडलो होतो त्या सगळ्या संध्याकाळी माझी नळी त्यांच्या डब्यात ठिबकत होती. त्यांचा अनंत माझ्या पाण्यावर फुलला होता.

मला भयंकर राग आला. पाणी माझं, वीज माझी, बायको माझी, आणि दवा यांची!

पुढं जे केलं ते मी मुद्दाम केलं. निळा डबा उचलून घरी आणला आणि सगळा माझ्या अनंताला घातला. रिकाम्या डब्यात माझ्या पिंपातलं मशिनचं पाणी भरलं आणि ते रशीदभाईंच्या अनंताला घातलं. त्यानं काय होईल हे मला माहीत होतं. कागदानं मला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चार दिवस संध्याकाळचं फूल मी तिकडून तोडून आणून शोभाला दिलं. चौथ्या दिवशी तोडताना दोन कळ्या देठापाशी पिवळ्या पडलेल्या दिसल्या. अनंताच्या कळीला बदल सोसत नाही, पाणी बदललं तरी ती गळते, हे नामदेवनं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी पाच कळ्या मातीवर पडल्या होत्या. शोभा भिंतीशी येऊन उभी राहिली. "आज फूल नाही?"

"उद्या," मी म्हणालो.

त्या क्षणी थांबता आलं असतं. पण माझ्या झाडाच्या शेंड्याला एक पान आलं होतं आणि ते जरा हिरवं वाटत होतं. एक कळीही धरली होती. मी मनात हिशेब केला, आठवड्याभरात ही उघडेल, मग वास माझ्या फुलाचा. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशीही मी तेच पाणी घातलं. आठव्या दिवशी रशीदभाईंच्या झाडावर एकही कळी उरली नव्हती. माझी एकुलती एक कळीसुद्धा गळून गेली. बदल तिच्याही वाट्याला आला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रशीदभाई पेढे घेऊन आले. नातू कसा गोरा आहे, कसा डोळे फिरवतो, हे सांगत सांगत परसात गेले आणि अनंताच्या कुंडीशी वाकले. मी भिंतीच्या अलीकडे उभा होतो. मग ते भिंतीशी आले.

"सर, एक बात बोलनी थी. नाराज नका होऊ."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमच्या एसीचं पानी मी डब्यात धरत होतो. तुमाला कधी इचारलं नाय. बिना इचारल्या दुसऱ्याची चीज घेतली, म्हनून असं झालं असेल. मला माफ करा."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अहो, पाणीच ते. असू द्या." मी त्यांना माफ केलं! पेढा तोंडात होता. तो गिळला.

त्या हंगामात दोन्ही झाडांना पुन्हा फूल आलं नाही. शोभा संध्याकाळी भिंतीशी जाऊन उभी राहायची, दोन मिनिटं थांबायची, परत यायची. चार बाटल्या पुन्हा निघाल्या. लवंग नाही, लिंबू नाही, निलगिरी नाही. एकदा बाटलीचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "जाऊ दे. आला होता तो भासच असेल माझा." मला ते ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. डबा, कागद, पाणी, कळ्या.

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "म्हणजे भास नव्हता," एवढंच म्हणाली. मग बाटल्या उचलून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माफी त्यांनी मागितलीय. जाऊन सांगा तिकडं."

सांगायला मला आणखी महिना लागला. गणपती होऊन गेले होते. रशीदभाई बाजेवर बसून कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडत होते, एका डोळ्याला भिंग लावलेलं. मी दारातून आत जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. ते मान वर न करता ऐकत राहिले. मी संपवल्यावर त्यांनी भिंग काढलं.

"पापडी बघितली होती मी," ते म्हणाले. "फर्दापूरहून आलो त्याच दिशी. मातीवर खाराची पांढरी पापडी होती, सर. एसीच्या पान्यानं पापडी येत नाय. तुमच्या पिंपाच्या कडेला येती, तुम्हीच दाखवली होती."

"मग तुम्ही माफी का…?"

"मला वाटलं, मी माझं बोललो तर सर त्यांचं बोलतील." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "तुम्ही तर मलाच माफ केलं."

पुढं महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आवाजच बंद. मी कधी स्वप्नातही म्हटलं नसतं, पण कळ्या मोजणारा तो आवाज यावा असं मला वाटायला लागलं. निळा डबा त्यांनी पालथा करून भिंतीला टेकवून ठेवला होता. ऑक्टोबरच्या उन्हात एसी चालायचा तेव्हा पाणी सरळ जमिनीवर पडून जिरायचं. आमच्या गावात पाणी जमिनीत जिरताना बघणं ही शिक्षाच आहे. नळी इकडे वळवून घ्यावी असं एकदा मनात आलं. हात लावायची हिंमत झाली नाही. दिवाळीच्या आधी एका सकाळी बघतो तर डबा सरळ ठेवलेला होता, नळीच्या बरोब्बर खाली. संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला, "सर, एक दिवस तुमचा डबा, एक दिवस माझा. आज तुमचा." तेवढंच.

तेव्हापासून एसी लागला की पाणी एक दिवसाआड असं चाललं आहे. माझ्या कुंडीतली राखेची माती मी काढून टाकली, चहाचा धुतलेला चोथा घातला, खिळे भंगारात दिले. मशिनचं पाणी आता फरशी पुसायला आणि संडासात जातं. कागदाची पट्टी महिन्यातून एकदा बुडवतो. हिरव्यावरून ती पिवळ्याकडे यायला सबंध हिवाळा गेला.

हे लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. माझी एकुलती एक कळी आज उघडली आहे. मघाशी मी ती तोडली, बशी घेतली, बशीत ठेवली आणि शोभापुढं नेऊन धरली. पलीकडचीही फुलं या आठवड्यात तिनं घेतली आहेत. वास आता बराच परत आला आहे तिचा, कॉफी मात्र अजून जळकी लागते. तिनं डोळे मिटून माझं फूल नाकाशी धरलं. 

"येतोय," ती म्हणाली. "छान येतोय." पुन्हा हुंगलं. "पण रशीदभाईंच्या फुलाचा जरा जास्त गोड आहे."

मनात पहिलं आलं ते तेच जुनं, याच्याच झाडाचा का? वर्षभराची माती, पाणी, माफी, सगळं करूनही ते जागच्या जागी होतं. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि तिच्याकडे बघितलं. ती फूल फिरवून फिरवून, कपाळाला आठी घालून, मन लावून हुंगत होती. करपलेलं दूध जिला कळत नव्हतं, तिला एका ओळीतल्या दोन अनंतांच्या वासातला फरक कळला होता.

आज डब्याची पाळी पलीकडची आहे. दुपारपासून वारा सुटला आहे आणि उकाडा तसा काही उरलेला नाही. मी आत आलो, खिडक्या लावून घेतल्या आणि एसी सुरू केला.